उघडली खरी, पण कोणी?

नवा लेख प्रसिद्ध होताच वाचकांना मेल आपोआप जावी, अशी यंत्रणा लावणे आता अर्ध्या तासाचे काम आहे. मग हजारो इनबॉक्समध्ये ‘खास तुमच्यासाठी’ असा मजकूर पोहोचतो. खास किती, तर यादीतल्या प्रत्येकासाठी! किती जणांनी मेल उघडली हे मोजायला तिच्यात डोळ्यांना न दिसणारे इवलेसे चित्र दडवलेले असते. ते लोड झाले की एक वाचक वाढला. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपला अशी चित्रे वाचकाच्या वतीने परस्पर लोड करण्याची सोय दिली. म्हणजे धाडणारे यंत्र, उघडणारेही यंत्र, आणि वाढत्या टक्केवारीवर लेखक खूश. (वाचक तेव्हा बहुधा घोरत असतो.)

यावर कोणी म्हणेल, प्रत्येकाला हाताने कोण लिहीत बसणार? कबूल. वाचकाने आपणहून पत्ता दिला असेल तर आपोआप पाठवण्यात काहीच गैर नाही. हरकत आहे ती दोन ओळींचे आमिष दाखवून ‘पुढे वाचा’ म्हणण्याला, आणि नाव कमी करण्याची सोय तळाशी राखाडी, बारीक अक्षरांत पुरून ठेवण्याला. एवढे साधे सौजन्यही शेवटी सक्तीनेच आले: जीमेलने २०२४ मध्ये, दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल धाडणाऱ्यांना, प्रचारकी मेलमध्ये एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय बंधनकारक केली. तेव्हा लेखकहो, अख्खा लेख मेलमध्येच द्या आणि जाणाऱ्याला सुखाने जाऊ द्या.