भिंतीला कान असतात म्हणे

सळया मी स्वतः मोजल्या होत्या. वाड्याच्या जागी इमारत उठत होती तेव्हा दर रविवारी साइटवर जायचं, पाठीमागे हात बांधून सुपरवायझरकडे संशयानं बघायचं आणि खिशातली टेप काढून स्लॅबच्या जाळीला लावायची, हे माझं व्रत होतं. आठ एमएमची सळई, सहा इंचांवर. मी म्हणालो, "पाचवर घ्या." तो म्हणाला, "साहेब, डिझाइनमध्ये सहाच आहे." मी त्याला माझी डिग्री ऐकवली. ती इलेक्ट्रॉनिक्सची आहे, एवढं तेवढं सांगितलं नाही.

त्या डिग्रीची आब्रू आत्यानं राहायला आली त्याच दिवशी काढली. ट्रान्झिस्टर लावला, तर नुसती खरखर. "तुझ्या घरात पुणं लागत नाही रे," ती म्हणाली. सदाशिव पेठेत पुणं लागत नाही!

मी सरसावलो. एरियल शेवटपर्यंत ओढली, उत्तरेला वळवली, दक्षिणेला वळवली, ट्यूबलाइटला टेकवून पाहिली. दहा मिनिटांनी आठवलं, की ही एरियल एफएमसाठी. मिडियम वेव्हला आत तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची कांडी असते. त्यासाठी एरियल नाही, अख्खा रेडिओच फिरवायचा असतो. आत्या मघापासून तेच करत होती. मला वाटलं, खालची धूळ पुसतेय.

मग व्याख्यान आलंच. पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे एकेक लाट 379 मीटर लांब. तिच्यापुढे आपली चार फुटी खिडकी म्हणजे सुईचं नेढं, आणि त्यावरही मी स्टीलची मच्छरजाळी बसवलेली. एफएमची लाट जेमतेम तीन मीटरची, ती अंग चोरून आत शिरते. हिला भिंतीतलं लोखंड अडवतं. थोडक्यात, आपण पिंजऱ्यात राहतो.

"आणि सळया जवळ घ्यायला कोणी सांगितल्या?" आत्यानं विचारलं. हे तिला कोणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

वाड्याच्या भिंती दीड हात जाड होत्या, पण आत होतं काय? भाजकी वीट, माती, चुना, सागवानी खांब. लोखंड म्हणजे खिळे आणि दाराच्या कड्या. त्यातून लाटा शेजारच्या काकूंसारख्या यायच्या, न विचारता. आणि जायचं तर सगळंच आरपार: कोणाची फोडणी जळली, कोणाच्या जावयाचं प्रमोशन हुकलं, कोण कोणाशी बोलत नाही आणि ते किती मोठ्यानं बोलत नाही. रेडिओ आमच्या कोनाड्यात. लायसन्सचे पैसे पोस्टात आजोबा भरायचे, ऐकायची पाच बिऱ्हाडं. आवाज जरा कमी केला की माडीवरचे जोशी भांडायला खाली उतरत, जणू लायसन्स त्यांच्याच नावावर आहे. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतींना तोंडही होतं. माझ्या काँक्रीटला नुसते कानच आहेत. ऐकतं आणि गिळतं.

मी मोबाइलवर अ‍ॅप लावून दिलं. आवाज स्वच्छ, खरखर नाही. आत्यानं दोन दिवस ऐकलं आणि फोन परत दिला. "ह्यातली माणसं उशिरा बोलतात," म्हणाली. खरंच बोलतात, इंटरनेटवरून येणारा आवाज मागे पडतो. मी म्हटलं, अगं, अर्ध्या मिनिटानं काय बिघडतं? तर ती काही बोलली नाही. तिचं भिंतीवरचं घड्याळ चावीचं आहे. बातम्यांवर ते लावायचं काम आजोबांनंतर तिच्याकडे आलं, आणि वाड्यातून तिनं स्वतःच्या हातानं उचलून आणलेली वस्तू ती एकच. बाकीचं सामान मी भंगारात दिलं. वाडा पाडायच्या कागदावर तिची सहीही मीच घेतली होती, घाईघाईत. तिनं चष्मासुद्धा लावला नव्हता.

जागा शेवटी तिनंच शोधली. ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या झाकणावर, ट्रान्झिस्टर लोखंडी ग्रिलला चिकटवून. अख्खं ग्रिलच एरियलसारखं काम करतं. मला हे कळायला हवं होतं. वाड्यात रेडिओचा आवाज तिच्या मागे मागे घरभर फिरायचा. आता सकाळी थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, वाळत घातलेल्या माझ्याच पायजम्याखाली, तीच त्याच्याकडे जाऊन बसते. मशीन तेवढा वेळ बंद ठेवायचं, असा घरात नियम आहे.

काल मी चहा घेऊन गेलो आणि ग्रिलकडे बघत म्हणालो, "आत्या, तत्त्वतः असं आहे की..."

"गप्प," ती म्हणाली. "वेळ सांगतायत."

माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे निघालं.