चष्मा घातला की झालं?

१९३८ साली सुपरमॅनने क्लार्क केंट म्हणून चष्मा चढवला आणि शेजारी बसून बातम्या लिहिणाऱ्या लोइस लेनलाही तो ओळखू येईना. तिचा नंबर तपासायला हवा होता. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ तर त्याहून बिनधास्त. शहरात येताना ओव्हरकोट, हॅट, काळा गॉगल, नाव वॉकर आणि सोबत चक्क लांडगा. तरी कुणी हूं की चूं करत नाही!

पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरून दाखव म्हणावं. रिक्षावाला आधी विचारेल, "शेअरिंग का? लांडग्याची सीट वेगळी पडेल." मग सोसायटीच्या वॉचमनची वही: नाव, फ्लॅट, मोबाईल. लिफ्टमध्ये काकू: "वॉकर म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" कवटीची अंगठी कुठल्या सराफाकडून घडवली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या विंगांना ठाऊक.

खरं दुहेरी आयुष्य जगलेला माणूस याच पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचा. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. स्वतःच थाळी वाजवत आपल्या भाषणाची दवंडी पिटायचे, इंग्रजांवर तोफ डागायचे आणि पुन्हा कचेरीत खर्डेघाशीला हजर. ना मुखवटा, ना चष्मा. १८७९ साली त्यांचं बंड उभं राहीपर्यंत हा कारकून काय करतोय, याची साहेबाला जणू फिकीरच नव्हती. आई आजारी म्हणून केलेला रजेचा अर्ज मात्र त्याच खात्याने चोख अडवून धरला होता.