हात लावीन तिथे बिघाड

काही माणसांच्या हाताला गुण असतो. आमच्या आईने नुसती पळी फिरवली तरी आमटीला चव यायची, आणि आमच्या एका मावशीने बोट लावलं की रडकं मूल गप्प व्हायचं. माझ्या हातालाही गुण आहे, फक्त तो उलट्या दिशेने चालतो. नेमका हाच हात घेऊन मी उमेदीची वर्षं मुंबईतल्या एका टेलेक्स एक्स्चेंजमध्ये यंत्रांची निगा राखण्यात घालवली. पगार माझ्या आणि यंत्रांच्या, दोघांच्याही सहनशक्तीचा होता, मिळत मात्र मला एकट्यालाच असे.

टेलेक्स म्हणजे काय, हे हल्ली नातवंडांना समजावून सांगावं लागतं. टेलिफोनसारखा नंबर फिरवायचा, पण बोलायच्या ऐवजी टाइप करायचं. तुम्ही इकडे जे बडवाल ते त्याच क्षणी तिकडच्या कागदावर उमटतं, मग तिकडचा माणूस जागेवर असो, जेवायला गेलेला असो की ऑफिसला कुलूप लावून गावी गेलेला असो. जर्मनीत हे १९३३ साली सुरू झालं, आपल्याकडे १९६३ साली देशभरची सेवा आली, आणि मग मद्रासच्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सची यंत्रं बँकांतून, बोटींच्या कंपन्यांतून, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून खडखडू लागली. एका अक्षराला १५० मिलिसेकंद लागत, म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरं. शहाणपण जितक्या वेगाने जाई, तितक्याच वेगाने चूकही जाई. मी दुसऱ्या खात्यात होतो.

आमचं एक्स्चेंज स्ट्रौजर पद्धतीचं होतं. भिंतीएवढ्या उंच रॅक्सवर सिलेक्टरांच्या रांगा. गिऱ्हाइकाने ४ आकडा फिरवला की आतला दांडा चार पायऱ्या वर चढायचा, मग आडवा वळायचा आणि त्याचा वायपर दहा कॉन्टॅक्टवरून सरकत मोकळी वाट शोधायचा. असे शेकडो दांडे एकाच वेळी चढत, वळत आणि धाडकन खाली येत. हे सगळं ज्याच्या डोक्यातून निघालं तो स्ट्रौजर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. दंतकथा अशी की, टेलिफोन ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या धंदेवाल्याकडे वळवते असा त्याला संशय आला, आणि तिरीमिरीत त्याने ऑपरेटरलाच वगळणारं यंत्र काढलं. १८९१ साली त्याला पेटंट मिळालं. माणूस मधे नको, एवढाच त्या यंत्राचा मूळ उद्देश. खात्याने मधे मला ठेवलं.

आमच्या शिफ्टमध्ये एक बुजुर्ग टेक्निशियन होते, त्यांना सगळे मामा म्हणत. हुद्द्याने मी त्यांचा साहेब, त्यामुळे ते मला अदबीने ‘साहेब, आपण फक्त बघा’ असं म्हणायचे, आणि मला वाटायचं की हा मानाचा भाग आहे. तरीही एकदा मामा चहाला गेल्याचं पाहून मी एका रिलेच्या पत्त्यांचा ताण दुरुस्त करायला घेतला. ग्रॅम-गेज लावून एक पत्ती जरा वाकवली तर शेजारची सैल झाली, ती घट्ट केली तर तिसरीचं अंतर वाढलं, ते फीलर गेजने मोजेपर्यंत पहिली पुन्हा मूळपदावर आली. तिन्ही पोरांना एकदम झोपवू पाहणाऱ्या बापासारखी माझी अवस्था, एकाचा डोळा लागतो तोवर दुसरं उठतं. तेवढ्यात रॅकवरचा लाल दिवा लागला, घंटा वाजली, आणि मामा चहाचा ग्लास हातात तसाच धरून धावत आले. त्यांनी त्या रिलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी नवा रिले मागवला.

यंत्रांपासून मला लांब ठेवावं म्हणून की काय, माझ्याकडे बॅटरी रूम आली. तिथे दोन-दोन व्होल्टचे पंचवीस सेल ओळीने मांडलेले, मिळून ५० व्होल्ट. काम साधंच: हायड्रोमीटर बुडवायचा, ॲसिडची घनता वाचायची, वहीत लिहायची, पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. इथे बिघडवण्यासारखं काही नाही म्हणून मी निर्धास्त होतो, आणि निर्धास्त माणूस हायड्रोमीटर झटकतो. ॲसिडची गंमत अशी की ते पँटवर पडल्याचं लगेच कळत नाही, पँट धुतल्यावर कळतं. बायकोने दांडीवर वाळत घालायला झटकली तेव्हा मांडीवर आडव्या ओळीत भोकं उमटली होती. ती म्हणाली, “अहो, हे काय?” मी मोजली. पाच होती. आता टेलेक्सच्या कागदी टेपवर प्रत्येक अक्षर म्हणजे आडव्या ओळीतल्या पाच जागांवर पाडलेली किंवा न पाडलेली भोकं. पाचही जागी भोकं असली तर काहीच छापलं जात नाही, म्हणून चुकीचं अक्षर पडलं की टेप एक घर मागे घ्यायची आणि पाचही भोकं पाडून मोकळं व्हायचं: हे धरू नका, पुढे चला. तिला मी हे सगळं कौतुकाने समजावलं. ती म्हणाली, “मग लग्नाच्या वेळी तुमच्या पत्रिकेवर का नाही कुणी पाडली?”

रात्रपाळीत लाइन तपासायची, तर त्यासाठी इंग्रजी आर आणि वाय ही अक्षरं आलटून पालटून पाठवायची पद्धत होती. त्यामागे अक्कल आहे. पाच खुणांच्या लिपीत आरमध्ये जिथे भोक तिथे वायमध्ये कोरी जागा आणि जिथे कोरी तिथे भोक, त्यामुळे आरवाय-आरवाय पाठवत राहिलं की लाइनला सतत इकडून तिकडे उलटावं लागतं आणि तिचा सगळा कमकुवतपणा बाहेर पडतो. मी टेपची दोन टोकं चिकटवून गोल केला, ट्रान्समीटरवर चढवला, आणि टेस्ट प्रिंटरला जोडायची दोरी शेजारच्या भोकात खुपसून शांतपणे डबा उघडला. टेस्ट प्रिंटर गप्प होता, ते मला यंत्राच्या समजूतदारपणाचं लक्षण वाटलं. प्रत्यक्षात ती आरवाय एका व्यापारी पेढीच्या बंद कचेरीत उमटत होती, मिनिटाला जेमतेम सहा ओळी, म्हणजे तासाला सुमारे पाच फूट कागद, आणि कागदाचा रोळ चांगला जाडजूड होता. सकाळी त्यांनी दार उघडलं तेव्हा टेबलापासून दारापर्यंत आरवाय पसरली होती. तक्रार मात्र दुपारी आली, कारण तोपर्यंत त्यांचे हेडक्लार्क हा परदेशचा सांकेतिक निरोप असावा अशा समजुतीने कोडबुक चाळत बसले होते.

पण माझी खरी कर्तबगारी कळीच्या शिफ्टमधली. कामाची शिफ्ट नव्हे, टेलिप्रिंटरची. पाच खुणांत ३२च जुळण्या होतात, त्यात अक्षरं आणि आकडे दोन्ही मावत नाहीत, म्हणून एक खूण ‘आता अक्षरं’ सांगते आणि दुसरी ‘आता आकडे’. मधली खूण हरवली की मजकूर अक्षरांऐवजी आकड्यांत आणि चिन्हांत उमटत राहतो. पुण्याच्या एका हॉटेलला निरोप चालला होता की १५ तारखेला जोशी, जाधव, देशपांडे आणि देसाई येत आहेत, खोल्या ठेवा. त्याच मार्गावरचा एक कॉन्टॅक्ट मी संध्याकाळी बर्निशरने अगदी जीव लावून घासला होता. तो १५च्या पुढे क्षणभर सुटला, ‘आता अक्षरं’ वाटेतच गळालं, आणि पुणे शहर ‘०७,३’ असं उमटलं. इथवर ठीक होतं. पण आकड्यांच्या बाजूला इंग्रजी जे म्हणजे पलीकडची घंटा, आणि डी म्हणजे ‘तुम्ही कोण?’ अशी विचारणा, जिला पलीकडचं यंत्र आपलं नाव-गाव आपोआप छापून उत्तर देतं. याच उत्तराच्या भरवशावर बँका लाखोंचे व्यवहार करत. तर जोशींनी घंटा वाजवली. जाधवांनी घंटाही वाजवली आणि कोण म्हणून विचारलंही. देशपांड्यांच्या स्पेलिंगमध्ये डी दोनदा येतो, त्यांनी दोनदा विचारलं. देसाईंनी पुन्हा विचारलं. यंत्र दर वेळी मुकाट्याने आपलं नाव सांगत होतं, ते येणाऱ्या मजकुरावर आदळत होतं, आणि हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस कळवळून फोनवर सांगत होता की आमच्या मशीनला बाधा झालीय, ती कुणाशी तरी बोलतेय. खोल्या मिळाल्या. जोशी बुवा कुठल्यातरी मठातले असावेत, या समजुतीने त्यांना बिनकांद्याचं जेवण मिळालं.

टेलेक्समध्ये लघुरूपांची सोय असे: ओसीसी म्हणजे लाइन गुंतली आहे, डीईआर म्हणजे बिघाड, एबीएस म्हणजे ऑफिस बंद. मी रजेवर असलो की मामा हजेरीच्या तक्त्यात माझ्या नावापुढे एबीएस लिहीत, आणि त्या दिवशीच्या लॉगबुकात बिघाडांचं पान कोरं असे. मला हा योगायोग वाटायचा. मग मला बढती मिळाली, टेबल यंत्रांपासून एक मजला वर गेलं. कोरी पानं वाढली.

ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरवर चालणारं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. ना दांडे, ना वायपर, ना घासायला कॉन्टॅक्ट. थंडगार खोलीत बंद कपाटं, आणि कोपऱ्यात एक प्रिंटर. मी खिशात बर्निशर चाचपत त्या कपाटांभोवती फेऱ्या मारायचो. एकदा राहवलं नाही म्हणून कीबोर्डवरून एक हुकूम दिला, तर तो प्रिंटर खडखडला आणि त्याने तारीख, वेळ आणि मी दिलेला हुकूम शब्दशः छापून ठेवला. जुनी यंत्रं मुकाट्याने सोसायची. हे टिपणं ठेवत होतं. मी हात पाठीमागे बांधले ते कायमचे.

वर्षाअखेर साहेबांनी बोलावलं. समोर प्रिंटरचे कागद पसरलेले, त्या एका हुकमानंतरचे सगळे माझ्या नावाने कोरे. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी शेरा मारला: ‘देखभाल उत्कृष्ट.’ नोकरीभर जो मिळाला नव्हता तो शेरा मी घरी येऊन बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितला, कारणासकट सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला.

“छान झालं,” ती म्हणाली, “आता आपला मिक्सरही उत्कृष्ट चालेल.”