काच कोणत्या दृश्याला फोडावी?

आंदोलनात वेळेला फार महत्त्व असतं. दगड लवकर मारला तर लोकांना विषय कळत नाही, उशिरा मारला तर सिनेमा थिएटरातून उतरलेला असतो. दीपा मेहता यांच्या 'फायर'च्या बाबतीत हे गणित साफ चुकलं, असं माझं जुनं मत आहे. आंदोलकांच्या पुढच्या पिढ्यांच्या माहितीसाठी ते एकदा नोंदवून ठेवायला हवं.

हा सिनेमा १९९६ सालचा. परदेशातल्या महोत्सवांत हिंडून, बक्षिसं घेऊन तो १३ नोव्हेंबर १९९८ रोजी आपल्याकडे लागला. सेन्सॉर बोर्डाने एकही दृश्य कापलं नव्हतं. हिंदी आवृत्तीत सीता नावाच्या नायिकेची नीता करा, एवढंच सांगितलं होतं. जवळजवळ तीन आठवडे तो मोठ्या शहरांत गर्दी खेचत सुखाने चालला. हे तीन आठवडे संस्कृती कुठे होती, कोण जाणे. लग्नसराईत अडकली असेल. २ डिसेंबरला ती गोरेगावच्या थिएटरात पोचली. दोनशेवर शिवसैनिक आले, काचा फुटल्या, पोस्टरं जळली, प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत द्यायला लावले गेले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तोच प्रयोग झाला. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी आंदोलकांचं अभिनंदन केलं. खिडक्या फोडल्याबद्दल मुख्यमंत्र्यांकडून शाबासकी मिळायचं भाग्य आमच्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या वाट्याला कधी आलेलं नाही.

माझी तक्रार काच फोडण्याबद्दल नाहीच. संस्कृती म्हटली की काच फुटायचीच. तक्रार आहे ती दृश्याच्या निवडीबद्दल. कारण विवाहसंस्थेची विटंबना पाहून ज्याचं रक्त उसळतं, त्याला या सिनेमात दर दहा मिनिटांनी उठावं लागलं असतं.

गोष्ट दिल्लीतल्या एका एकत्र कुटुंबाची आहे. खाली दुकान, वर घर. दुकानात खाण्याचे पदार्थ मिळतात आणि व्हिडिओ कॅसेटी भाड्याने मिळतात. सुरुवातीलाच धाकटा जतिन तीन दिवसांपूर्वी लग्न झालेल्या बायकोला ताजमहाल दाखवायला घेऊन आला आहे आणि कंटाळला आहे. मी तुम्हाला आवडत नाही का, असं ती विचारते. त्याचं मन ज्यूलीपाशी आहे. लग्नाआधी होतं, लग्नानंतरही आहे, आणि ते लपवण्याचे फारसे कष्ट तो घेत नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर लग्न केलं, कर्तव्य पार पडलं, आता संध्याकाळ मोकळी. सात पावलं टाकून सात दिवस झालेले नाहीत. इथे एक छोटीशी काच फोडायला काय हरकत होती? पण तीन आठवडे देशभरातल्या थिएटरांत हे दृश्य शांतपणे पाहिलं गेलं. पुरुषाचं होतं असं. एक मूल झालं की येईल ताळ्यावर.

थोरला अशोक जतिनसारखा नाही. तो सज्जन आहे, आणि हीच खरी अडचण आहे. बायकोला, म्हणजे राधाला, मूल होणार नाही हे कळल्यावर त्याने एका स्वामीजींच्या उपदेशावरून वासनेचा नाश करायला घेतला. या गोष्टीला तेरा वर्षं झाली. दुकानाची बरीच कमाई स्वामीजींच्या जुनाट दुखण्यावर खर्च होते. नुसतं ब्रह्मचर्य असतं तरी चाललं असतं, पण अशोक अधूनमधून त्याची चाचणी घेतो. राधाला बोलावतो, शेजारी निश्चल निजायला सांगतो, आणि आपलं मन चळत नाही याची खात्री करून घेतो. परीक्षेला बसणारा तोच, तपासणारा तोच, पास झालो म्हणून समाधान मानणाराही तोच. राधा म्हणजे प्रश्नपत्रिका. तेरा वर्षं एका बाईला असं वापरायचं आणि त्याला अध्यात्म म्हणायचं, हे पाहून एखादा तरी धर्मप्रेमी खुर्चीतून उठेल असं वाटलं होतं. पण पडद्यावर स्वामीजी असले की आपल्याकडे पायातल्या चपला काढायची पद्धत आहे, फेकायची नाही.

आणि मग मुंडू. हा घरचा नोकर. लकवा झालेल्या, बोलताही न येणाऱ्या बीजींच्या, म्हणजे अशोक-जतिनच्या आईच्या, देखभालीसाठी त्याला घरात ठेवलेलं असतं. म्हातारीला काही हवं असलं तर ती हातातली घंटी वाजवते. सगळे बाहेर पडले की मुंडू जतिनच्या दुकानातली तसली कॅसेट लावतो आणि बीजींच्या देखत... पुढचं वाक्य संपादक कापतील, म्हणून मीच कापतो. सेन्सॉर बोर्डाने मात्र कापलं नव्हतं. आईसमोर! मातृदेवो भव म्हणणाऱ्या देशात! घंटी वाजत राहते. प्रेक्षागृहात एकही तावदान हललं नाही.

आता राधा आणि सीता. दोघी जावा. एकीचा नवरा स्वामीजींकडे, दुसरीचा ज्यूलीकडे. दोघी दिवसभर पुऱ्या तळतात, करवा चौथ येते, म्हणजे आपल्या वटसावित्रीची उत्तरेकडची सख्खी बहीण. सिनेमात एके ठिकाणी सगळं कुटुंब सहलीला गेलं आहे आणि सीता सगळ्यांच्या देखत राधाचे पाय चेपते आहे. अशोक ते कौतुकाने बघतो आणि आपल्याला किती गुणी कुटुंब लाभलं आहे, असं म्हणतो. मला विचाराल तर हा सिनेमातला सर्वांत मोठा विनोद. धाकट्या जावेने थोरलीचे पाय चेपले की आपल्याकडे घराणं धन्य होतं. ते चेपताना दोघींना बरं वाटतं आहे, हे कळायला अशोकला सिनेमा संपत यावा लागतो.

काच फुटली ती इथे. दोघींनी एकमेकींचा हात धरला तेव्हा.

शिवसेनेच्या महिला आघाडीने आपली भूमिकाही मांडली होती. बायकांच्या शरीराच्या गरजा अशा रीतीने भागू लागल्या तर विवाहसंस्था कोसळेल आणि प्रजनन थांबेल, असा तिचा आशय होता. विवाहसंस्थेविषयी इतकं निराश विधान मी तरी कुठल्या स्त्रीवादी पुस्तकात वाचलेलं नाही. हजारो वर्षं टिकलेली संस्था, अग्नीच्या आणि दोन्हीकडच्या आत्याबाईंच्या साक्षीने उभी राहिलेली. आणि तिला धोका कशाचा, तर बायकांना दुसरीकडे सुख मिळतं ही बातमी फुटण्याचा. म्हणजे इतकी वर्षं बायका घरात होत्या त्या प्रेमाने नाही, संस्कारानेही नाही. पत्ता ठाऊक नव्हता म्हणून होत्या. हे मी म्हणत नाही. काचा फोडणाऱ्यांच्या बाजूने ते मांडलं गेलं.

प्रजननाची काळजी मात्र लवकरच मिटली. तो सिनेमा पाहून झाल्यावर दीड वर्षाच्या आत, ११ मे २००० रोजी, देशाची लोकसंख्या शंभर कोटी झाल्याचं सरकारने थाटात जाहीर केलं.

आपल्या संस्कृतीत हे नाही, असंही सांगण्यात आलं. खरंच नाही. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये १९८१ साली रोहिणी हट्टंगडी मराठी रंगमंचावर स्त्रीवर प्रेम करणाऱ्या सुमित्राची भूमिका करत होत्या, पण तेंडुलकर संस्कृतीत मोडत नाहीत, त्यांना वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. त्याच कप्प्यात आधीपासून र. धों. कर्वे बसलेले आहेत. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले, एकदा तर त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली, हा गुन्हा. प्रश्न विचारणारे आपलेच होते, पण त्यांच्यावर कुणी खटला भरला नाही. भरता आला नसता, फार गर्दी झाली असती.

शिवसेनाप्रमुखांनी शेवटी तोडगा सुचवला. पात्रांची नावं मुसलमान ठेवा, मग आमची हरकत नाही. म्हणजे प्रश्न कृतीचा नव्हता, रेशन कार्डावरच्या नावाचा होता. सेन्सॉर बोर्डाने सीतेची नीता करून आधीच अर्धी वाट चालून ठेवली होती, हे बहुधा कुणी त्यांच्या कानावर घातलं नसावं.

दरम्यान दिलीपकुमार, महेश भट आणि दीपा मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. सुरक्षितपणे सिनेमा दाखवता यावा, एवढीच मागणी. त्याच्या निषेधार्थ साठेक शिवसैनिक दिलीपकुमारांच्या पाली हिलवरच्या घरासमोर कपडे काढून, चड्डीवर बसले. पडद्यावरच्या नग्नतेविरुद्ध रस्त्यावर कपडे उतरवणं हा आंदोलनाच्या इतिहासातला फारच मौलिक विचार आहे, आणि त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. 'फायर'मध्ये एकाच वेळी इतक्या माणसांनी कपडे काढल्याचं दृश्य नाही. शिवाय सिनेमाला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र होतं. हा प्रयोग पाली हिलवर लहान मुलांनाही खुला होता.

एवढ्यावरून कुणी म्हणेल की आपल्याला बायकोचा व्यभिचार खपत नाही, बाकी सगळं खपतं. तसंही नाही. दोनच वर्षांनी, २००० साली महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' आला, मराठीत आणि हिंदीतही. त्यातल्या आदितीचा नवरा कामानिमित्त सतत बाहेर, घरी गाणं शिकवायला येणारे मल्हार कामत, आणि पुढे व्हायचं ते होतं. कित्येक वर्षांनी कामतांच्या मृत्युपत्रामुळे सगळं उघडकीस येतं. नवरा आदितीला उभं-आडवं घेतो. स्वतःच्या भानगडी त्याच्या हिशेबात धरायच्याच नसतात. मराठी लग्नावर इतकं थेट बोट ठेवूनही एकाही थिएटरची काच फुटली नाही. उलट राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा. आमच्याकडच्या सुशिक्षित नवऱ्यांनी तो सहकुटुंब पाहिला आणि येताना बायकोला मस्तानी पाजली.

फरक कुठे पडला? 'अस्तित्व'मध्ये बायको चुकली तरी पुरुषापाशीच गेली. गाणं शिकवणारा का होईना, पुरुषच. म्हणजे मागणी शाबूत आहे, दुकान बदललं एवढंच. राधा आणि सीतेने मात्र दुकानाचीच गरज ठेवली नाही. जतिनने ज्यूलीकडे जावं, अशोकने मोक्षाकडे जावं, मुंडूने कॅसेटीकडे जावं, तरी पुरुषाची किंमत कमी होत नाही. दोन बायका एकमेकींकडे गेल्या की ती एकदम शून्य होते. ज्याची किंमत शून्यावर आली त्याला राग येणारच. शेअर बाजारातसुद्धा काचा याच कारणाने फुटतात.

'फायर' मात्र काचा फुटल्यावर पुन्हा सेन्सॉर बोर्डाकडे पाठवण्यात आला. आशा पारेख यांच्या अध्यक्षतेखालच्या बोर्डाने तो पुन्हा पाहिला आणि १२ फेब्रुवारी १९९९ ला पुन्हा एकदा जसाच्या तसा सोडला. २६ फेब्रुवारीपासून तो थिएटरांत लागला आणि गुपचूप चालला. राज्य तेच होतं, सत्तेतले पक्ष तेच होते, सिनेमा तोच होता. अडीच महिन्यांत संस्कृतीला काय झालं, याचा खुलासा कुठल्याच शाखेच्या फळ्यावर आला नाही.

शेवटच्या भागात स्वयंपाकघरात राधाच्या साडीला आग लागते. अशोक तिथे आहे. तो आईला उचलतो आणि बायकोला जळत सोडून बाहेर निघून जातो. सिनेमाचं नाव कशावरून ठेवलं, ते इथे कळतं. पण या दृश्यावर आक्षेप घेतल्याचं एकही पत्रक माझ्या पाहण्यात नाही. अशोकने आईला वाचवलं, यात आक्षेप घेण्यासारखं काय आहे?

आता कायद्याचं बघू, कारण संस्कृती थकली की ती कायद्याच्या खांद्यावर डोकं ठेवते. त्या वेळी दंडविधानात कलम ४९७ होतं. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवले तर गुन्हा. तक्रार करायची ती त्या नवऱ्याने. नवऱ्याची परवानगी असली तर गुन्हा नाही. व्यभिचारी नवऱ्याच्या बायकोने तक्रार करायची सोयच नव्हती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात यशवंतराव चंद्रचूड यांनी हे कलम वैध ठरवलं. २०१८ च्या २७ सप्टेंबरला ते रद्द करणाऱ्या घटनापीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांचं न ऐकणारा मुलगा आपल्या संस्कृतीत बसत नाही, पण त्याबद्दलही काच फुटली नाही. त्याच महिन्याच्या ६ तारखेला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा दात काढला गेला. ते कलम दोन बायकांना लागतं की नाही यावर वाद होता, धाक दाखवायला मात्र पुरायचं. राधा-सीतेच्या मानेवरचं ते ओझं गेलं.

जतिनचं मात्र काहीच बदललं नाही. ज्यूलीचं लग्न झालेलं नव्हतं, ती कुणाचीच बायको नव्हती, तेव्हा १९९८ साली त्याला ४९७ लागत नव्हतं. आता तर ते कलमच नाही. वीस वर्षांच्या या सगळ्या गदारोळात काचा फुटल्या, कपडे उतरले, दोन कलमं गेली, आणि जतिन आधीही निर्दोष होता, नंतरही निर्दोष आहे. एकत्र कुटुंबात सून म्हणून यायला ज्यूली तेवढी अजूनही नाहीच म्हणते आहे.