वाकड्या अंगणाची मोजणी

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण ज्याने केली त्याने अंगण मोजून पाहिले नसणार. माझे अंगण खरोखरच वाकडे होते आणि किती वाकडे, ते मी आकड्यांनिशी सांगू शकतो. आकडे माझ्या सासऱ्यांचे आहेत. आबा कोल्हापूरचे, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले आणि जन्मभर लोकांच्या बांधांची मोजणी करून निवृत्त झाले. वादी-प्रतिवादी हमरीतुमरीवर आले असताना शांतपणे मोजपट्टी काढायची त्यांची सवय तेव्हापासूनची.

या खटल्यात वादी मी होतो. प्रतिवादी एक छोटे पिस्तूल.

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे शनिवारी सकाळी निम्मी गल्ली लॉन कापते आणि उरलेल्यांतले काही नेमबाजीच्या रेंजवर जातात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला .22 चा नाद लावला. .22 लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलेले. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास. धक्का नाहीच म्हटला तरी चालेल, आवाज बेताचा, किंमत इतर काडतुसांच्या मानाने किरकोळ. अमेरिकेतली पोरे रिकाम्या डब्यांवर नेम धरायला शिकतात ती बहुतेक यावरच. नावात रायफल असली तरी पिस्तुलातही तेच चालते.

सहकाऱ्याने बजावले होते, लांब नळीचे घे. रूगर कंपनी 1949 मध्ये ज्या .22 पिस्तुलावर उभी राहिली त्याचे वंशज अजून दुकानात मिळते. जड असते, दिसायला कंटाळवाणे असते आणि सांगाल तिथे मारते. मी ते हातात घेतले, परत ठेवले आणि शेजारचे, तळहातात मावणारे उचलले. खिशात बाळगायचा बेत अजिबात नव्हता. गाडीची किल्ली कोणत्या खिशात आहे हेच मला रोज सापडत नाही. ते गोंडस होते, एवढेच. पन्नाशी उलटलेल्या माणसाने शस्त्र गोंडस आहे म्हणून घेतले, हे बायकोला सांगता येत नाही. तिला मी ‘कॉम्पॅक्ट आहे’ म्हणालो.

नळी अडीच इंचांची. मुठीवर मधली दोन बोटे कशीबशी बसतात, करंगळीला कामच नाही. नेम धरायचे पुढचे साइट म्हणजे वरच्या पोलादातच ठेवलेला एक बारीक उंचवटा, मागचे साइट म्हणजे एक खाच. दोन्ही काळी, आणि समोरच्या कागदावरचा गोलही काळा. माझ्या चाळिशीच्या चष्म्यातून साइट दिसते तेव्हा कागद दिसत नाही, आणि कागद दिसतो तेव्हा आपण हातात काय धरले आहे याचा अंदाज करावा लागतो.

आबांना रेंजवर यायची हौस दांडगी. कॉलेजात असताना एनसीसीत त्यांनी .22 रायफल चालवली होती, आणि पालथे पडून मारलेल्या त्या पाच गोळ्यांचे ग्रुपिंग ते अजूनही अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवतात. पण ते आले होते व्हिजिटर व्हिसावर. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूकही बाळगू देत नाही आणि काडतूसही. मी ग्रीन कार्डवाला, म्हणून मला मुभा. ज्याला येते त्याला मनाई आणि ज्याला येत नाही त्याला परवानगी, अशी ही व्यवस्था. आबा मुकाट्याने काचेमागच्या बाकावर जाऊन बसले. ती काच आवाज अडवते, नजर अडवत नाही.

रेंजवर कागद एका क्लिपेला लावायचा आणि बटण दाबले की तो तारेवरून दूर जातो. मी थेट 25 यार्डांवर पाठवला, कारण व्हिडिओंत सगळे तिथेच मारतात. मॅगझीन रिकामे केले, बटण दाबले, कागद परत आला. कोरा. मी तो उलटा करूनही पाहिला. आबांनी काचेमागून अंगठा वर केला. त्यांना वाटले, अजून सुरुवात व्हायची आहे.

मग 15 यार्ड, मग मान खाली घालून 7. सातावर भोके पडली, पण मध्याशी फटकून, बहुतेक सगळी खाली डाव्या अंगाला.

घरी पोह्यांबरोबर मी माझी बाजू मांडली. सुरुवात काडतुसापासून. मोठ्या काडतुसांत ठिणगी पाडणारी टिकली बुडाच्या मध्यभागी बसवलेली असते. .22 मध्ये टिकलीच नसते. पितळी पुंगळीच्या तळाशी ओले मिश्रण घालून ती गरगर फिरवतात, म्हणजे ते मिश्रण कडेच्या पोकळ घडीत जाऊन बसते; पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते. एखाद्या ठिकाणी मिश्रण पोचलेच नाही आणि घाव नेमका तिथे बसला, की काडतूस फुसके. ढिगाने मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत कडेची जाडी, दारूचे प्रमाण, गोळीचा वेग हे काडतुसागणिक थोडेथोडे बदलते. वर प्रत्येक नळीची आवड वेगळी. एका पिस्तुलाला जे मानवते ते त्याच कारखान्यातल्या दुसऱ्याला मानवेलच असे नाही. यात एक अक्षर खोटे नाही. मी खूप वाचले होते. नेम धरायला जेवढा वेळ दिला त्याहून कितीतरी जास्त वेळ मी वाचायला दिला होता.

आबांनी लिंबू पिळले. ‘पाव्हणं, सात यार्डावर त्यानं कितीसा फरक पडणार? अर्धा इंच?’

मी साइटकडे वळलो. इथे आबा सावरून बसले, कारण हा त्यांचा प्रांत. मोजणीच्या प्लेन टेबलावर पाहायची पट्टी आखूड असली की रेघ भरकटते, हे त्यांनी कैक चिखलात उभे राहून अनुभवले होते. दोन साइटमधले अंतर किती, त्यांनी विचारले. पिस्तूल त्यांच्या हातात द्यायचे नाही, म्हणून मी आतल्या खोलीत तिजोरी उघडून मोजून आलो: 11 सेंटिमीटर. आबांनी किराण्याच्या पावतीच्या पाठीवर मांडणी केली. सात यार्ड म्हणजे 640 सेंटिमीटर. पुढचे साइट खाचेत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाले, तर कागदावर 58 मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांची चूक. 25 यार्डांवर तीच चूक आठ इंचांची.

‘बघा!’ मी म्हणालो. ‘अंगण वाकडे आहे की नाही?’

आबांनी पोह्यांची रिकामी बशी पावतीवर उपडी घातली. पट्टीने मोजली. पाच इंच. ‘म्हणजे एक मिलिमीटर हात हलला तरी गोळी बशीतच पाहिजे. तुमची बशीभाईर किती गेली?’

पुढे ते नेमबाज राही सरनोबतवर आले. येणारच होते, कोल्हापूरचे कोणतेही पदक आबा घरचेच धरतात. जकार्ताच्या 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण घेतले, नेमबाजीत ते मिळवणारी पहिली भारतीय महिला. काडतूस हेच, .22. अचूकतेच्या फेरीत दहा गुणांचे वर्तुळ 25 मीटरवर पाच सेंटिमीटरचे, आणि पिस्तूल एका हातात. त्या स्पर्धेच्या नियमात दोन साइटमधले अंतर जास्तीत जास्त 22 सेंटिमीटर. आबांनी तेही सोडवले: दहासाठी चूक पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. मला त्याच्या चौपट मुभा होती, अंतर चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त होते, आणि दोन्ही हात मोकळे होते.

ट्रिगरचा मुद्दा मात्र त्यांनी मान्य केला. स्पर्धेच्या त्या पिस्तुलाचा ट्रिगर किमान एक किलोचा असावा लागतो, पण ते पिस्तूलही किलोभराच्या आसपास असते. माझे साडेतीनशे ग्रॅमचेही नाही आणि पहिल्या गोळीला ट्रिगर ओढायला त्या वजनाच्या कैक पट जोर लागतो. म्हणजे ट्रिगर हलत नाही, ट्रिगरला धरून पिस्तूलच हलते. ‘हे बरोबर,’ आबा म्हणाले आणि पावतीवर टिपून घेतले. मला हुरूप आला.

तो पुढच्या शनिवारपर्यंत टिकला. कागद 7 यार्डांवर, आबा काचेमागे, मी ट्रिगर ओढला आणि नुसते ‘टक्’ झाले. फुसके काडतूस. गोळी सुटली नाही, आवाज नाही, धक्का नाही. तरीही नळीचे तोंड दोन इंच खाली गेलेले, खांदे कानांपाशी, डोळे गच्च मिटलेले. अशा वेळी नळी समोरच रोखून तीस सेकंद थांबायचा नियम आहे, कारण क्वचित काडतूस उशिरा पेटते. त्या तीस सेकंदांत मी जसा होतो तसा सगळ्यांना नीट पाहता आला. नंतर खटका दाबून नळी वर उचलली (या जातीच्या पिस्तुलात पुंगळी ओढून काढणारी नखी नसते, म्हणून नळीच उघडते) आणि काडतूस नखाने काढले. कडेवर पिनेचा छोटासा खळगा होता, अगदी जिथे असायला हवा तिथे.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, ‘गोळी सुटलीच न्हाई पाव्हणं. मग दचकलासा कशाला?’

उजव्या हाताचा नवशिका धडाक्याच्या धास्तीने ट्रिगर हिसडतो आणि त्याची भोके खाली डावीकडे जमतात, ही गोष्ट रेंजवर झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होती. मला कुणी सांगितली नाही, कारण मी कुणाला विचारतच नव्हतो. मी सगळ्यांना काडतुसाच्या कडेबद्दल सांगत होतो.

शेवटी तिथल्या एका कर्मचाऱ्याला दया आली. त्याने वाळूची पिशवी मांडली, कागद 25 यार्डांवर पाठवला आणि माझ्याच पिस्तुलातून, माझ्याच डब्यातल्या पाच गोळ्या मारल्या. आबांनी सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजले: साडेतीन इंच. चांगल्या टारगेट पिस्तुलाला आणि चांगल्या काडतुसाला तिथे इंच-दीड इंच जमतो, तेव्हा अडीच इंची नळीला साडेतीन हे ठीकच आहे. तोच हिशेब 7 यार्डांवर एक इंच. माझा त्या दिवशीचा 7 यार्डांवरचा पसारा नऊ इंचांचा होता.

आबांनी निकाल दिला. अंगण वाकडे आहे, एक इंच. उरलेले आठ इंच नाचणाऱ्याच्या नावे.

त्यानंतर मी मॅगझीनमध्ये अधूनमधून एखादे डमी काडतूस बायकोकडून भरून घेतो, कुठले ते मला माहीत नसते. पहिल्यांदा तिला गंमत वाटायची. आता तीच काचेमागून माझे दचकणे मोजते. रिकाम्या .22 चा ट्रिगर उगाच ओढत बसू नये, पुष्कळ मॉडेलांत पिन नळीच्या कडेवर आपटून ती ठेचते, म्हणूनही डमी बरे. भोके हळूहळू उजवीकडे सरकत आहेत.

तुम्ही इथे राहत असाल आणि गोंडस म्हणून छोटे .22 घेऊन बसला असाल, तर अपेक्षा अशी ठेवा: 7 यार्ड, उभे राहून, दोन्ही हातांनी, पाच इंचांची बशी. पाचांतल्या चार गोळ्या आत गेल्या की पिस्तुलाला नावे ठेवू नका आणि स्वतःलाही फार ठेवू नका. काडतुसांचे दोन-तीन प्रकार आणून पाहा, पण त्याआधी एक डमी घालून पाहा. आणि 25 यार्डांवर कागद पाठवायचाच असेल, तर त्या दुकानात लांब नळीचे अजून आहे. दिसायला कंटाळवाणे आहे. तेच घ्या.