नापास व्हा, मग बघू

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ला लागू झाला आणि त्याने दिव्यांगत्वाचे सातचे एकवीस प्रकार केले. त्या एकविसांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. म्हणजे बुद्धी शाबूत, नजर शाबूत, गोष्ट सांगायला बसलं तर थांबत नाही, पण 'घर' लिहायला सांगितलं की 'धर' लिहितं, असं मूल सरकारी कागदावर अस्तित्वात आलं. त्याआधी ते फक्त आळशी होतं. कायदा चांगलाच आहे, आणि चांगल्या कायद्याचं आपल्याकडे जे होतं तेच याचंही झालं: अंमलबजावणीचा मोठा भार झेरॉक्सच्या दुकानाने उचलला. प्रमाणपत्रासाठी आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा बोनाफाईड, वह्यांच्या पानांच्या प्रती, दोन फोटो. त्या पानांवर बाईंनी लाल शाईने लिहिलेलं असतं, 'अक्षर सुधारा. लक्ष द्या.' चार वर्षं हा शेरा मारणाऱ्या शाळेला मुलात काही वेगळं आहे याचा पत्ता नसतो, पण रुग्णालयात तोच शेरा पुरावा म्हणून मोलाचा ठरतो.

या व्यवस्थेवर वेंधळेपणाचा आरोप होतो, तो मला अन्यायाचा वाटतो. तिचं सूत्र पक्कं आहे: मूल अडखळतंय म्हणून मदत मिळत नाही, ते पुरेसं पडल्याचं सिद्ध झालं की मिळते. आपल्या इयत्तेपेक्षा दोन इयत्ता मागे असणं ही इथल्या चाचण्यांतली वर्षानुवर्षं रुळलेली खूण. आता दोन इयत्ता मागे पडायला आधी दोन इयत्ता चढाव्या लागतात, त्यामुळे पहिलीतल्या मुलाची पात्रता गणितानेच बाद होते. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्राचं वयही ठरवलं: आठव्या वर्षी पहिलं, चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी कायमचं. जन्मभर सोबत राहणारी गोष्ट मधल्या काळात गेली तर नाही ना, याची शासनाला रास्त काळजी असावी. गंमत अशी की लवकर ओळखण्याचं साधन नाही असंही नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' नावाचा चाचणीसंच आणला. तो हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे आणि त्यातली प्राथमिक चाळणी पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षकाने करायची आहे. पण गावोगावच्या शिक्षकांना विचारलं तर डाली म्हणजे चित्रकार, असं सांगणारेच जास्त भेटतील.

मग आठ वर्षांच्या मुलाला हा कागद कशासाठी? बोर्डाच्या परीक्षेसाठी. १९९६पासून महाराष्ट्राने या मुलांना सवलती दिल्या आणि तेव्हा ते पुढचं पाऊल होतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. तासाला वीस मिनिटं जादा, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित. या सवलती हक्काच्या आहेत, त्यातली एकही कमी करू नये. पण त्या सगळ्या एकाच ठिकाणी जाऊन थांबतात, उत्तरपत्रिकेवर. मुलाला वाचता यावं म्हणून अक्षर आणि ध्वनीची जोडी पुन्हा पुन्हा, हळूहळू, रोज अर्धा तास बसवून घ्यावी लागते. ते कोण करणार, या प्रश्नाला प्रमाणपत्रावर रकाना नाही. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीला आहे. चाळीस टक्क्यांखाली पांढरं कार्ड, त्यावर पिवळं, ऐंशीपासून निळं. रंग ठरला की फाईल बंद होते, आणि मूल त्याच वर्गात त्याच बाकावर परत जातं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: तपासणी सैल केली तर खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट होईल. भीती निराधार नाही. बनावट दाखल्यांची प्रकरणं आपण वाचतोच. पण खोटेपणा होतो तो नोकरीच्या, प्रवेशाच्या, गुणांच्या सवलतीसाठी, कारण तिथे मिळवण्यासारखं काहीतरी असतं. दुसरीतल्या मुलाला रोज अर्धा तास जास्त वाचून घेतलं, तर त्यात लबाडी करून कोणाला काय मिळणार? फार तर एखादं मूल विनाकारण चांगलं वाचू लागेल. तेव्हा गुणांच्या दारावर पहारा असू द्या, शिकवण्याच्या दाराला दाखल्याचं कुलूप कशाला?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. मग यातलं अक्षम कोण आणि नुसतं न शिकवलेलं कोण, हे मास्तरांनी कसं ओळखायचं? प्रश्न खरा आहे, पण तो उलटा उपयोगी पडतो. नीट शिकवून पाहिल्यावर जे मूल तरीही अडतं, त्याच्याकडे तज्ज्ञाने बघायचं. ओळखण्याचा तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. न शिकवता दोन वर्षं वाट पाहिली तर दोन्ही गट सारखेच मागे पडतात, आणि मग वर्गात बाईंना दिसू शकलेला फरक जिल्हा रुग्णालयातल्या टेबलावर शोधावा लागतो.

शिकवायला माणसं नाहीत, हा तिसरा आक्षेप, आणि तो मात्र सरकारचाच कबुलीजबाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली आदेश दिल्यावर केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. २०२५ साली त्याच न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की बाबांनो, पदं मंजूर करून जाहीर तरी करा. या दिरंगाईला नावं ठेवण्याआधी सवलतींची यादी एकदा पुन्हा वाचावी. जादा वेळ सरकारी खात्याने घेतलेलाच आहे. कार्डावर मुलाचं नाव चुकलं तर त्या शुद्धलेखनाकडे पालकांनी कानाडोळा करायचाच असतो. अर्ज भरायला लेखनिक म्हणून सायबर कॅफेवाला आहे, त्याचे पैसे पालक देतात. फक्त खात्याकडे कोणी अजून प्रमाणपत्र मागितलेलं नाही, आणि मागे किती इयत्ता आहात तेही विचारलेलं नाही.