घड्याळ घ्या, गाणी सोबत

ओकव्हिलमध्ये तलावाकाठच्या घरांच्या किमती ऐकल्या, की पन्नास डॉलरची रेकॉर्ड फुकटच वाटते. म्हणून आमचे मराठी रसिक शनिवारी गो ट्रेन धरून टोरांटोला, स्पडाइनावरच्या ‘सॉनिक बूम’मध्ये जातात. स्वतंत्र दुकानं जगली पाहिजेत हो! यंग स्ट्रीटवरचं ‘सॅम द रेकॉर्ड मॅन’ २००७ मध्ये बंद झालं, काळा घोड्याचं ‘रिदम हाऊस’ २०१६ मध्ये. दोन्हीकडे शेवटी हळहळायला जमलेली मंडळी आधी गल्ल्यावर दिसली असती तर? असो.

नवे अल्बम म्हणाल, तर टेलर स्विफ्टबाईंनी २०२२ मध्ये ‘मिडनाइट्स’ची रेकॉर्ड चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांत काढली. चारही घेऊन मागच्या बाजू जुळवल्या की भिंतीवरचं घड्याळ तयार. काटे अर्थातच वेगळे विकत घ्यायचे. त्याच वर्षी बाई ‘रेकॉर्ड स्टोअर डे’च्या पहिल्या जागतिक राजदूत होत्या. छोट्या दुकानांचा हा सण २००८ पासून साजरा होतो.

संगीतविक्रीची मोजणी करणाऱ्या ‘ल्युमिनेट’ कंपनीच्या २०२३ च्या अहवालानुसार अमेरिकेत रेकॉर्ड घेणाऱ्यांपैकी निम्म्यांकडेच प्लेअर असतो. ओकव्हिलची मोजणी कुणी केलेली नाही, पण आमच्या परिचयातल्या एका दिवाणखान्यात भीमसेनजी काचेच्या चौकटीत टांगलेले आहेत आणि गातात ते फोनवर, जाहिरातींसकट.

तेव्हा रसिकहो, येत्या शनिवारी चार रेकॉर्ड कमी घ्या आणि एक जुना प्लेअर बघा. बऱ्याच दुकानांत तोही मिळतो.